सूड उगवणे, वचपा काढणे: कुठे काय लिहावे

नव्याने लिहिताना नामाबरोबर ठरलेले क्रियापदच घ्या: सूड घेतात किंवा उगवतात, बदला घेतात, वचपा आणि उट्टे काढतात. ‘वचपा घेतला’ खटकते. ‘सूड उगवणे’ इथे हमखास चूक होते. बी आपोआप उगवते, सूड मात्र कुणीतरी उगवतो. म्हणून ‘ती सूड उगवली’ नव्हे, ‘तिने सूड उगवला’. अपमानाला ‘चा’, माणसाला ‘वर’: ‘अपमानाचा सूड त्याच्यावर उगवला’.

खेळाच्या बातमीत सूड फार जहाल वाटतो, तिथे वचपाच शोभतो: २०२४च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात भारताने इंग्लंडकडून २०२२च्या पराभवाचा वचपा काढला. उट्टे बहुधा ‘मागचे’ असते. डूख धरणे म्हणजे मनात वैर जपणे; त्यात सूड अजून घेतलेला नसतो.