पुस्तक मस्तय, पण सगळी पानं टॉवेलचीच का?

अगं, तुझं पत्र वाचलं, फोटोपण बघितले. बारावी झालीय, घर सोलापूरच्या साखर पेठेत, पप्पा टॉवेलच्या कारखान्यात, चार वर्षांच्या भाच्याला जन्मापासून दिसत नाही म्हणून तू टॉवेलच्या चिंध्यांचं घर, गाय, फूल कापून त्याच्यासाठी पुस्तक शिवलंस, आणि आता विचारतेस की हेच काम करायचं तर डिझाइनला जाऊ का स्पेशल डीएडला, त्यात पप्पा म्हणतात डीएड करून पोरं घरी बसलीत.

माझं विचारशील तर डीएड स्पेशल एज्युकेशन, त्यातलं व्हीआय, म्हणजे न दिसणाऱ्या मुलांना शिकवायचं. डिझाइनचं नंतर बघू.

का ते तुझ्या पुस्तकातच आहे बघ. डोळ्यांना घर, गाय, फूल वेगळं दिसतं, पण त्याच्या बोटाला तिन्ही पानांवर टॉवेलच लागतो ना! मीपण हा गाढवपणा केलाय, उतरत्या छपराचं जाड पुठ्ठ्याचं घर घेऊन एका पोराकडे गेलो, त्याने बोट फिरवलं आणि विचारलं, हे काय? त्याच्यासाठी घर म्हणजे उंबरा, दाराची कडी, आत शिरलं की पायाला लागणारी गार फरशी. छप्पर त्याने कधी हाताळलंच नव्हतं. म्हणून आधी खरी वस्तू, मग तिचं छोटं मॉडेल, आणि उठावाचं चित्र सगळ्यात शेवटी. तू भाकरीची गोष्ट कर, पिशवीत मूठभर ज्वारी, मग पीठ, मग एक मऊ भाकरी आणि एक कडक, आपल्याकडे कडक भाकरीला काय तोटा. आणि बटणं, मणी फेविकॉलने नको, घट्ट शिव, ती तोंडात जातात.

बोटाने वाचायच्या ब्रेल लिपीची सहा टिंबंपण आत्ताच खेळात येऊ देत, अंड्याच्या ट्रेचे दोन बाय तीन खड्डे कापायचे आणि त्यात लिंबं ठेवायची. खरा ब्रेलचा चौकोन जेमतेम ६ मिलीमीटर उंच असतो, बोट आधी तयार पाहिजे.

आता कोर्सचं. बारावीला ५० टक्के लागतात, २ वर्षांचा आहे, ब्रेल त्यातच शिकवतात. कॉलेज त्या वर्षीच्या आरसीआयच्या, म्हणजे या कोर्सना मान्यता देणाऱ्या सरकारी परिषदेच्या यादीत आहे का ते स्वतः बघ, एजंटच्या बोलण्यावर जाऊ नको, आणि पास झाल्यावर तिथला नोंदणीचा सीआरआर नंबर काढायचा, त्याशिवाय या कामाला कायद्याने मान्यता नाही. देहरादूनच्या एनआयईपीव्हीडीचे, म्हणजे दृष्टिहीनांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे कोर्सपण बघून ठेव.

पप्पांचं अगदीच खोटं नाही. समग्र शिक्षा या सरकारी शाळांच्या योजनेतल्या बऱ्याच जागा कंत्राटी, पगार बेताचा. पण २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या १० मुलांमागे १ स्पेशल टीचर हवा असं सांगितलंय, भरती रखडते तो भाग वेगळा. सोबत बाहेरून बीए करत राहा, म्हणजे पुढे बीएड स्पेशलचा रस्ता उघडा राहतो.

आणि एक कर, ते पुस्तक पप्पांना डोळे मिटून चाळायला दे. नुसत्या हाताने कापड ओळखणारा माणूस आहे तो, पुढच्या पुस्तकाला कोणत्या पानावर काय लावायचं ते त्यांनाच विचार.