शिकायची पद्धत सांगणाऱ्या व्हार्क टेस्टमध्ये मुलगी 'ऑडिटरी', म्हणजे ऐकून शिकणारी, निघाली, एमबीबीएसला आता लेक्चर कमी झालेत म्हणे, तिला जड जाईल का?

नाही जाणार. मी फिजिओलॉजीला ट्यूटर आहे, पहिल्या वर्षाची मुलं रोज समोर असतात. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंगची ती टेस्ट फक्त आवड सांगते. त्या आवडीप्रमाणे शिकवलं तर जास्त येतं का, हे हॅरोल्ड पॅशलर वगैरे मंडळींनी २००८ मध्ये आधीचं संशोधन चाळून बघितलं, धड पुरावा काही मिळाला नाही.

आणि आवड तरी येते कुठून? दोन वर्षं नीटच्या क्लासमध्ये सर बोलतायत, आपण उतरवून घेतोय, शेवटी ओएमआरवर गोळे भरायचे, मग मुलगी ऑडिटरी निघणारच की!

२०१९ च्या बॅचपासून सीबीएमई, म्हणजे क्षमतांवर आधारलेला एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम, आला. लेक्चर एक तृतीयांशच्या वर नको, बाकी प्रॅक्टिकल, ग्रुप डिस्कशन, आणि पहिल्या वर्षापासूनच पेशंट. सुरुवातीला पोरं वैतागतात, "मॅडम सरळ शिकवून टाका ना" म्हणतात. पण एकदा त्यांना ॲनिमियाची बाई दाखवली, हिमोग्लोबिन ६, जिना चढताना दम लागतो आणि बोटाला लावलेला ऑक्सिमीटर मात्र ९८ दाखवतोय, की डोकं खाजवायला लागतात. आहे तेवढं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेलंच आहे, मुळात हिमोग्लोबिनच कमी आहे, हे आपापसात भांडून त्यांचं तेच काढतात. असं चार-पाच वेळा झालं की तीच मुलं "आज केस नाही का?" विचारतात. म्हणजे सवय बदलते, आणि तीही बऱ्यापैकी लवकर.

गंमत म्हणजे फायनल इयरला ती सवय परत फिरते. पुढे पीजीच्या प्रवेशाची नीट पीजी, २०० एमसीक्यू, साडेतीन तास, मग वॉर्डातल्या पोस्टिंगला नुसती सही करून लायब्ररीत कानात इअरफोन आणि ॲपवरचे व्हिडिओ दीडच्या स्पीडने. टाइमटेबल काहीही म्हणो, परीक्षा जे मागते तेच मुलांना आवडायला लागतं, असं माझं तरी मत झालंय.

तिला ऐकायला आवडतं तर चांगलंच आहे हो, पेशंटची हिस्टरी घेणं म्हणजे निम्मं ऐकणंच असतं. फक्त ऐकून झालं की पुस्तक मिटून रूममेटला समजावून सांगायला लावा. आणि तिच्या कॉलेजात एसडीएलचा, म्हणजे स्वतःहून शिकायचा, तास खरंच होतो की नुसत्या लॉगबुकवर सह्या होतात, तेवढं सीनियर्सना विचारून घ्या.