पोस्टर काढा, चटणीत तीळ घाला

प्रश्न : ताई नमस्कार, मी सोलापुरात पूर्व भागातल्या एका शाळेत पाचवीला शिकवते. मुलांचे वडील बहुतेक यंत्रमागावर, आया घरी विड्या वळतात. हाडांसाठी चांगलं खा म्हणून मी वर्गात दूध, पनीर, बदामाचं पोस्टर लावलं, दोनदा समजावून सांगितलं, मुलं "हो बाई" म्हणतात आणि मधल्या सुट्टीत गेटबाहेरून पाच रुपयांचं पाकीट घेऊन येतात. परवा एक मुलगी म्हणाली, बाई आमच्याकडे चहापुरतंच दूध येतं. मला काही बोलताच आलं नाही. कसं शिकवू?

उत्तर : बाई, त्या मुलीनेच तुम्हाला उत्तर दिलंय बघा. पोस्टरवरचं जेवण तिच्या घरचं नाही, मग ती ते का लक्षात ठेवेल? ते पोस्टर काढा आणि मुलांच्या घरात जे आहे तिथून सुरुवात करा.

वय महत्त्वाचं आहे म्हणून आधी ते सांगते. तुमची मुलं दहा-अकरा वर्षांची, म्हणजे आता त्यांची हाडं भराभर वाढायला लागणार. मोठेपणी अंगात जेवढं हाड असतं त्यातलं जवळजवळ ९० टक्के मुलींमध्ये १८ आणि मुलांमध्ये २० वर्षांपर्यंत भरून झालेलं असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात १० ते १२ वयाला रोज ८५० मिलिग्रॅम कॅल्शिअम धरलंय. हा आकडा फळ्यावर लिहा आणि त्याचं गणितच करून घ्या, पाचवीच्या पोरांना बेरीज येते की.

एक पेला दूध साधारण २४० मिलिग्रॅम. ज्वारीची भाकरी पोट भरते, ताकद देते पण कॅल्शिअम त्यात कमीच, १०० ग्रॅम पिठात जेमतेम २५-३०. आपली शेंगा चटणी, जी सोलापूरकराच्या ताटातून हलत नाही, तीसुद्धा चमचाभरात फार काही देत नाही. (मला स्वतःला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच वाईट वाटलं होतं.) पण चटणी सोडायची नाही, त्यात भर घालायची. तीन वाट्या शेंगदाण्याला एक वाटी भाजलेले तीळ घालून कुटा, चव बिघडत नाही, उलट खमंग होते, आणि मोठा चमचाभर म्हणजे १० ग्रॅम तीळ पोटात गेले तर १२० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शिअम मिळतं. भोगीला आपण बाजरीच्या भाकरीला तीळ लावतो, गड्ड्याच्या म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसात घरोघरी तिळगूळ असतो, मग फेब्रुवारी लागला की तिळाचा डबा माळ्यावर का जातो?

दुसरं नाचणी. १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या वर कॅल्शिअम, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. तुमच्या वर्गात घरी तेलुगू, कन्नड बोलणारी बरीच मुलं असतील, त्यांना नाचणी म्हटलं तर कळणार नाही कदाचित, रागी म्हणा, लगेच कोणीतरी हात वर करून सांगेल की आमची आज्जी अंबली करते. मग त्या मुलालाच आज्जीला विचारून कृती आणायला सांगा. आज्जीने सांगितलेलं तुमच्या-माझ्या भाषणापेक्षा लवकर पटतं.

तिसरं शेवग्याचा पाला. शेंगा सगळे खातात, पाला टाकून देतात. कोवळा पाला चिरून पिठल्यात नाहीतर वरणात घातला की मुलांना कळतही नाही. पालकाचं मात्र फार कौतुक करू नका, त्यातल्या ऑक्झलेट नावाच्या घटकामुळे कॅल्शिअम अंगी फारसं लागत नाही, मेथी बरी.

आता हाताने करायचा प्रयोग. कोंबडीच्या तंगडीचं हाड उकळून स्वच्छ करून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, चायनीजच्या गाडीवर असतं तेच व्हिनेगर, मधे एकदा बदला. चार-पाच दिवसांनी हाड रबरासारखं वाकतं. मुलांच्या हातात द्या, वाकवून बघू दे. जे निघून गेलं ते कॅल्शिअम, जे उरलं ते प्रोटीन, म्हणजे हाडाला डाळ, अंडं, मटकीही लागते हे आपोआप सांगून होतं. हाड चालत नसेल तर अंड्याचं कवच घ्या. माझ्या वर्गात एका पोराने विचारलं होतं, मग लोणचं खाल्लं तर आपली हाडं विरघळतील का? नाही, पोटात गेलेलं आंबट थेट हाडापर्यंत जात नाही, हे तिथेच सांगून टाका नाहीतर तो घरी जाऊन काहीतरी वेगळंच सांगेल. खारट पाकिटांचा विषय तेव्हाच काढा, मीठ फार झालं की लघवीतून कॅल्शिअम जास्त जातं.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते, सगळ्यांसमोर डबे तपासू नका. मी नोकरीत नवीन असताना रोज डबे उघडून बघायचे, चांगल्या डब्याला टाळ्या वाजवायला लावायचे. एक मुलगी डबाच आणेना, नंतर कळलं की तिच्याकडे रोज भाकरी-चटणी असायची आणि तिला लाज वाटायची, म्हणजे माझ्यामुळे ते पोर आठवडाभर उपाशी राहिलं. अजून आठवलं की पोटात कालवतं. शाळेत मिळणारी खिचडी सगळी मुलं एकत्र बसून खातात, शिकवायचं तर तिथे शिकवा, स्वयंपाकाच्या मावशींना विश्वासात घेऊन.

सुट्टीत दोरीच्या उड्या, लंगडी, खो-खो होऊ द्या. पाय आपटले, उड्या मारल्या की हाड घट्ट होतं, नुसतं खाऊन तेवढं होत नाही.

प्रश्न : नातवाला रोज सकाळी साडेसहाला कोवळ्या उन्हात गच्चीवर बसवतो, तरी व्हिटॅमिन डी कमी आलं. असं कसं? (एक आजोबा, जुळे सोलापूर)

उत्तर : आजोबा, तुमची माया खरी आहे पण वेळ चुकतेय. व्हिटॅमिन डी तयार करणारे किरण इतक्या सकाळी जमिनीपर्यंत फारसे पोचतच नाहीत. साधी खूण सांगते, नातवाची सावली त्याच्या उंचीपेक्षा छोटी पडली की ऊन कामाचं. आपल्याकडे मे महिन्यात ती वेळ सकाळी साडेनऊच्या आतच येते, तेव्हाच उरकून घ्या, दुपारच्या आगीत पाठवू नका. डिसेंबरात मात्र अकरानंतर. हातपाय उघडे, १५-२० मिनिटं, काचेच्या आतलं ऊन चालत नाही. पण रिपोर्ट कमी आलाय ना, मग डॉक्टरांनी दिलेला डोस पूर्ण करा, मेडिकलमधून आपल्या मनाने पुड्या आणू नका, जास्तीचं डी त्रास देतं.

प्रश्न : मुलगा चॉकलेट पावडर घातल्याशिवाय दूध पितच नाही, वय ८.

उत्तर : दर आठवड्याला पावडर अर्धा चमचा कमी करा. नाहीच प्यायला तर वाटीभर दही द्या, घट्ट ताक द्या, कॅल्शिअम तेच आहे. पाणीदार ताक हिशोबात धरू नका.