इंग्रजी कळते, पण बोलताना अडते

भाषा, शिक्षण आणि नोकरी या विषयांवर आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : दहावीपर्यंतचे माझे शिक्षण गावातील मराठी शाळेत झाले. बारावीला इंग्रजीत चांगले गुण मिळाले. आता मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. पुस्तक सावकाश वाचले तर कळते. परंतु व्हायव्हाला, म्हणजे प्रयोगाच्या तोंडी परीक्षेला, उत्तर ठाऊक असूनही वाक्य जुळत नाही आणि परीक्षकांना वाटते की माझा अभ्यासच झालेला नाही. पुढे कॅम्पस प्लेसमेंटच्या वेळी ग्रुप डिस्कशनला तोंड द्यावे लागेल, याची आतापासून धास्ती वाटते. तीन महिन्यांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास लावावा का? घरच्यांना फी जड आहे.
— एक विद्यार्थिनी, जालना जिल्हा

उत्तर : क्लासचा निर्णय तूर्त बाजूला ठेवा. आपल्या राज्यात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, तरीही बारावीच्या 100 गुणांपैकी 80 गुण लेखी परीक्षेचे असतात आणि उरलेल्या 20 गुणांची तोंडी परीक्षा बहुतेक ठिकाणी काही मिनिटांत उरकली जाते. इतकी वर्षे तुम्ही इंग्रजी वाचले आणि लिहिले, पण ते बोलण्याची वेळ तुमच्यावर फारशी कोणी आणलीच नाही. त्यामुळे आज जे अडते आहे ते बुद्धीचे किंवा अभ्यासाचे उणेपण मुळीच नाही, हे आधी मनाशी पक्के करा.

अडण्याचे दुसरे कारण वाक्याच्या घडणीत आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ यावे लागते. जो मनात संपूर्ण मराठी वाक्य रचतो आणि मग त्याचे भाषांतर करू लागतो, त्याला शेवटचे क्रियापद उचलून पुढे आणावे लागते, आणि तेवढ्या वेळात समोरच्याचा धीर सुटतो. यावर सुटे शब्द पाठ करून फारसा उपयोग होत नाही. वाक्यांचे तयार तुकडे जिभेवर बसवावे लागतात. ‘द मेन रीझन इज दॅट’, ‘इट डिपेंड्स ऑन’, ‘ॲज वी कॅन सी फ्रॉम द ग्राफ’ असे पन्नास-साठ तुकडे तुमच्याच पाठ्यपुस्तकातून काढा. सुरुवात हाताशी असली की पुढचा भाग आपोआप योग्य क्रमाने येऊ लागतो.

माझा आग्रह असा आहे की बोलण्याचा सराव तुमच्या अभ्यासविषयापासूनच सुरू करावा. बाजारातल्या बहुतेक क्लासांमध्ये सहलीविषयी, आवडत्या सणाविषयी बोलायला लावतात. तुम्हाला मात्र उद्या ओहमचा नियम सांगायचा असतो, आणि त्याचे पारिभाषिक शब्द तुम्हाला आधीच येतात. म्हणून प्रत्येक प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री जर्नल मिटून ठेवून, प्रयोग कशासाठी आहे, काय मोजले, निष्कर्ष काय निघाला आणि चूक कुठे होऊ शकते, हे चार-पाच साध्या वाक्यांत मोठ्याने बोला. फोनवर ध्वनिमुद्रण करून एकदा ऐका आणि तेच पुन्हा बोला. दुसऱ्या वेळी वाक्ये किती मोकळी होतात हे तुमच्याच कानांना जाणवेल. मैत्रीण सोबत असेल तर एकीने परीक्षक व्हावे. प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तीसमोर बोलण्याची सवय ही वेगळीच गोष्ट आहे आणि ती एकट्याने लागत नाही.

प्रश्न नीट कळला नाही तर गप्प राहू नका. ‘कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन, सर?’ असे विचारणे सभ्यपणाचे आहे आणि त्यातून विचार करायला थोडा अवधीही मिळतो. बोलता बोलता ‘ए’ किंवा ‘द’ राहून गेला म्हणून वाक्य तोडून मागे फिरू नका. मराठीत असे उपपद नाही, त्यामुळे ही चूक आपल्याकडून दीर्घकाळ होत राहते आणि तिने अर्थ क्वचितच बिघडतो. परंतु स्वतःची ओळख ‘मायसेल्फ’ या शब्दाने सुरू करण्याची सवय मात्र आजच सोडा, कारण मुलाखतीत कानावर पडणारे ते पहिलेच वाक्य असते.

ऐकण्यासाठी आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांनी चालवलेल्या ‘एनपीटीईएल’ या उपक्रमाची व्याख्याने विनामूल्य उपलब्ध आहेत. बोलणारे आपल्याच देशातले प्राध्यापक असतात आणि बऱ्याच व्याख्यानांचा लिखित मजकूरही मिळतो. पाच मिनिटांचा भाग आधी नुसता ऐका, नंतर मजकूर समोर ठेवून ऐका, आणि शेवटी प्राध्यापकांच्या पाठोपाठ बोला. शब्दसंग्रहासाठी भाषा-अभ्यासक एव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेली शैक्षणिक शब्दांची यादी पाहा. विद्यापीठीय पुस्तकांत, विषय कोणताही असो, पुन्हा पुन्हा येणारी 570 शब्दकुळे, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून बनलेल्या शब्दांचे गट, तिच्यात आहेत; रोज दोन घेतली तरी वर्षभरात ती पूर्ण होतात.

उच्चारांविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो. इंग्लंड-अमेरिकेच्या लोकांसारखा हेल काढण्याची काहीही गरज नाही. लक्ष द्यायचे ते शब्दातील आघाताकडे, म्हणजे कोणत्या अवयवावर (उच्चाराच्या तुकड्यावर) जोर द्यायचा याकडे, कारण मराठीत आघात बदलल्याने सहसा अर्थ अडत नाही, इंग्रजीत मात्र ऐकणारा त्याच आधाराने शब्द ओळखतो. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर असतो, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर आणि ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर. ‘डेव्हलप’ हा शब्द आपण पहिल्या अवयवावर जोर देऊन उच्चारतो, तो वास्तविक दुसऱ्यावर हवा. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्या शब्दकोशांच्या संकेतस्थळांवर प्रत्येक शब्दाचा उच्चार ऐकता येतो.

ग्रुप डिस्कशनमध्ये निवड करणारे केवळ इंग्रजी तपासत नाहीत. मुद्दा आहे का, इतरांचे ऐकून घेता का आणि गोंधळात चर्चा मार्गावर आणता का, हे ते पाहत असतात. मुद्दे येतात ते वाचनातून, आणि ते वाचन मराठी वर्तमानपत्राच्या संपादकीय पानाचे असले तरी चालते. ‘आय वुड लाइक टू ॲड टू दॅट पॉइंट’ म्हणून शांतपणे दोन मुद्दे मांडणारी मुलगी आरडाओरडा करणाऱ्यांपेक्षा लक्षात राहते.

एवढे करून सहा महिन्यांनी क्लास लावावासा वाटलाच, तर पैसे भरण्यापूर्वी एका तासाला जाऊन बसा आणि प्रत्येकाच्या वाट्याला बोलायला किती वेळ येतो ते मोजा. चाळीस जणांच्या वर्गात तासाभरात प्रत्येकाला दीड मिनिट मिळते, तेही शिक्षक स्वतः काही बोलले नाहीत तर.

प्रश्न : माझा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे. नातेवाईक म्हणतात, पाचवीपासून इंग्रजी माध्यमात घाला, नाहीतर तो मागे पडेल. घरी आम्हा दोघांनाही इंग्रजी येत नाही. काय करावे?
— एक पालक, सांगली जिल्हा

उत्तर : तुमच्या जागी मी त्याला आहे तिथेच ठेवीन. जिम कमिन्स या कॅनडातील अभ्यासकाने 1979 साली एक फरक दाखवून दिला, तो येथे उपयोगी पडतो. खेळताना, बोलताना लागणारी भाषा मुले दोनेक वर्षांत उचलतात. पण भूगोलाचा धडा समजून घेण्यासाठी किंवा कारणे देण्यासाठी लागणारी भाषा परभाषेत पक्की व्हायला पाच ते सात वर्षे लागू शकतात. शिवाय, एका भाषेत आलेली वाचनाची आणि विचार मांडण्याची क्षमता दुसऱ्या भाषेतही कामाला येते. ज्या मुलाला मराठीतला उतारा वाचून आपल्या शब्दांत सांगता येतो, त्याने इंग्रजीची निम्मी तयारी केलेली असते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही, शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे, असेच म्हटले आहे.

याचा अर्थ इंग्रजीकडे दुर्लक्ष करावे असा मुळीच नाही. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीविव्हर’ या संकेतस्थळावर अनेक गोष्टी मराठीत आणि इंग्रजीतही विनामूल्य वाचायला मिळतात. रोज दहा मिनिटे आधी मराठी गोष्ट त्याने तुम्हाला वाचून दाखवावी, मग तीच इंग्रजीतून. तुम्हाला इंग्रजी येत नाही ही अडचण नाही. तो वाचतो आहे आणि कोणी ऐकते आहे, एवढे त्याला पुरते. पुढे जवळच्या माध्यमिक शाळेत सेमी-इंग्रजीचा वर्ग असेल तर त्या वेळी त्याची आवड पाहून ठरवता येईल.

प्रश्न : निर्यात करणाऱ्या एका कंपनीत मी हिशेबाचे काम पाहते. परदेशी ग्राहकांना ई-मेल लिहिताना एकेका पत्राला तास जातो, तरी त्यांचे उलट प्रश्न येतातच.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : उलट प्रश्न येतात याचे कारण बहुधा व्याकरण नसून मांडणी असते. आपल्याकडच्या कार्यालयीन पत्रांत आधी संदर्भ, मग पार्श्वभूमी आणि अगदी शेवटी मागणी येते. परदेशी ग्राहक पहिल्या दोन ओळींत मागणी शोधतो. म्हणून कोणते बिल, किती रक्कम आणि कोणत्या तारखेपर्यंत काय हवे, हे सुरुवातीलाच लिहा, कारणे त्यानंतर. विषयाच्या ओळीत बिलाचा क्रमांक घाला. ‘प्लीज डू द नीडफुल’ या वाक्यातून समोरच्याने नेमके काय करायचे ते कळत नाही, तेव्हा त्या जागी ते कामच स्पष्ट लिहा. तारीख लिहिताना महिना अक्षरांत लिहा, कारण 5/6 ही तारीख अमेरिकेतला माणूस 6 मे अशी वाचतो आणि तुमची मुदत महिनाभराने चुकते. पैसे येणे, माल पोहोचणे, कागदपत्रे अपुरी असणे अशा नेहमीच्या सात-आठ प्रसंगांसाठी एकेक चांगले पत्र तयार करून जाणकार सहकाऱ्याकडून तपासून घ्या आणि दर वेळी त्यातले आकडे व नावे तेवढी बदला.