नॉर्वेत स्वतःचे समुद्री विंड फार्म मोजकेच, मग जगभर हे मार्केट वाढतंय त्यात त्यांच्या सप्लायर्सना काय मिळणार?

भरपूर मिळू शकतं. कारण त्यांचं गिऱ्हाईक घरी नाहीच, ते ब्रिटन, जर्मनी, पोलंडकडे आहे. २०२४ अखेर जगात ८० गिगावॉटच्या वर समुद्री पवनऊर्जा उभी होती, त्यातली जवळपास निम्मी एकट्या चीनची, आणि तिथलं काम तिथल्याच कंपन्या करतात, त्यामुळे तो आकडा बघून हुरळून जायचं नाही.

नॉर्वेची खरी ताकद खोल पाण्यात. साधारण ६० मीटरच्या पुढे तळाशी पाया घालणं परवडत नाही, मग टर्बाईन तरंगती लागते, आणि हे तंत्र त्यांनी तेलाच्या धंद्यात घासून घासून शिकलंय. २०१७ चा हायविंड स्कॉटलंड घ्या, जगातला पहिला तरंगता विंड फार्म, त्याच्या पाचही टर्बाईन नॉर्वेत स्टोर्डला जोडल्या आणि उभ्याच्या उभ्या टगबोटींनी ओढत समुद्रापलीकडे नेल्या! मग २०२३ चा हायविंड टाम्पेन, ११ टर्बाईन, ८८ मेगावॉट, पाणी २६० ते ३०० मीटर खोल, वीज थेट तेलाच्या प्लॅटफॉर्मना.

पण माझ्या मते आज खरा पैसा केबल आणि जहाजांत आहे, नॉर्वेतल्या हाल्डेन शहरातल्या कारखान्यात समुद्राखालच्या केबल बनतात, आणि मेंटेनन्सच्या बोटींवर असा हलता पूल असतो की लाटा उसळत असल्या तरी टेक्निशियन सरळ चालत टर्बाईनवर जातो. तरंगत्या टर्बाईन अजून महाग आहेत, त्यामुळे छोट्या सप्लायरने फक्त त्यांच्याच भरवशावर राहू नये, असं मला मनापासून वाटतं.