वाचकांचे प्रश्न : रेंजसाठी .२२ रिव्हॉल्व्हर

प्रश्न : क्लबच्या २५ मीटर रेंजवर टार्गेट मारण्यासाठी .२२ एलआर (लाँग रायफल काडतुसाचं) रिव्हॉल्व्हर घ्यायचं आहे. नळी चार इंची घ्यावी की सहा? सिलिंडर सहा गोळ्यांचं बरं की दहाचं?

कागदी टार्गेटच मारायचं असेल तर सहा इंची. पुढच्या-मागच्या साइटमधलं (नेम धरायच्या खुणांमधलं) अंतर वाढलं की नेमातली चूक डोळ्याला लवकर दिसते आणि नळी कमी डुलते. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) २५ मीटर पिस्तूल प्रकारात नळीची मर्यादा १५३ मिलिमीटर आहे; सहा इंच म्हणजे १५२.४, जेमतेम बसतात. वजन १४०० ग्रॅमच्या आत हवं आणि ट्रिगरनं १००० ग्रॅमचं वजन पेललं पाहिजे.

सिलिंडरच्या आकड्यावर फार अडू नका. स्पर्धेत मालिका पाच गोळ्यांचीच असते. स्मिथ अँड वेसन ६१७ दहाचं मिळतं, रुगरचं सिंगल-सिक्स सहाचं. सिंगल-सिक्समध्ये दर गोळीला हॅमर (मागचा घोडा) अंगठ्यानं चढवावा लागतो आणि रिकामी काडतुसं एकेक करून काढावी लागतात. काम सावकाश, पण यंत्रणा दणकट.

खरं लक्ष ट्रिगरकडे द्या. रिमफायरमध्ये, म्हणजे .२२ सारख्या काडतुसात, पेटणारा मसाला कडेत असतो. ती कड चेंबरच्या (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या खोबणीच्या) काठावर चिरडायला जोरदार ठोका लागतो, म्हणून डबल अ‍ॅक्शनचा, म्हणजे ओढताना हॅमरही चढवणारा, ट्रिगर जड असतो. तो हलका करायला हॅमरची स्प्रिंग कापण्याचा मोह अनेकांना होतो, मग काडतुसं उडेनाशी होतात. नेमबाजीसाठी हॅमर चढवूनच मारा, स्प्रिंगला हात लावू नका.

प्रश्न : वापरलेलं रिव्हॉल्व्हर बघायला जाणार आहे. काय तपासू?

आधी सिलिंडर उघडून ते रिकामं असल्याची खात्री करा. मग प्रत्येक चेंबरच्या मागच्या काठावर, जिथे फायरिंग पिन आदळते तिथे, खळगा आहे का बघा. काडतूस नसताना ट्रिगर ओढत राहिल्यानं तो पडतो. धातू आत ढकलला गेला की काडतूस अडकतं. त्यानंतर सिलिंडरवर बोटाचा हलका दाब ठेवून हॅमर हळू चढवा. हॅमर पूर्ण चढण्याआधी सिलिंडर जागेवर अडकायला हवं, आणि ही तपासणी प्रत्येक चेंबरवर करायची. नळी व सिलिंडरमधली फट फीलर गेजनं (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा : ०.१० ते ०.२५ मिलिमीटर ठीक. मारून बघायची संधी मिळाली तर चेंबरना खुणा करून एकेकातून पाच गोळ्या वेगवेगळ्या टार्गेटवर मारा. एकच चेंबर फटकून मारत असेल तर तो दोष तुमच्या हाताचा नाही.

प्रश्न : साठ-सत्तर गोळ्यांनंतर काडतूस पूर्ण आत जात नाही, कधी उडतही नाही. दुसऱ्या ठोक्याला मात्र उडतं.

चेंबरमध्ये काजळी, शिसं आणि गोळीवरचं मेण साचलं आहे. काडतूस थोडं बाहेर राहिलं की पहिल्या ठोक्याचा जोर ते आत ढकलण्यातच जातो. .२२ शॉर्ट (आखूड काडतूस) मारत असाल तर काजळीचं कडं त्याच्या तोंडापुढे, म्हणजे एलआरच्या मानानं मागेच जमतं आणि एलआर तिथेच अडतं. दर पन्नास गोळ्यांनी पितळी ब्रश फिरवा आणि चेंबर कोरडं ठेवा. तेलाला घाण चिकटते. एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखालीही बघा, तिथे न जळलेल्या दारूचे दोन कण गेले तरी सिलिंडर जड फिरतं.

काडतूस उडालं नाही तर नळी टार्गेटकडेच धरून तीस सेकंद थांबा, मगच सिलिंडर उघडा.