टाकी वरून भरते, हे प्रारूपात विसरू नका

एपानेटमध्ये (पाणीवितरण जाळ्याचे प्रारूप करण्याच्या संगणक-प्रणालीत) गावाच्या पाणीयोजनेचे पहिले प्रारूप करताना आपण पंपाची क्षमता रोजची गरज चोवीस तासांवर विभागून काढली असेल, तर ती आधी दुरुस्त करावी. 2,000 लोकवस्तीला जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटर निकषाने दररोज 1,10,000 लिटर पाणी लागते. वीज आठच तास मिळत असेल, तर पंपाने सेकंदाला सुमारे 3.8 लिटर द्यायला हवेत, आणि त्यात गळती धरलेली नाही.

खरी चूक मात्र टाकीपाशी होते. एपानेट टाकीला जोडलेली नळी तळाशी आहे असे मानते, त्यामुळे पाण्याची पातळी खाली असताना पंपाला कमी उंची दिसते. आपल्या उंच टाक्यांमध्ये चढती नळी बहुधा वरच्या कडेवरून पाणी सोडते, म्हणून टाकी रिकामी असली तरी पंपाला पूर्ण उंचीच चढवावी लागते. यासाठी आवक-तोंडाच्या उंचीवर एक नोड (जाळ्यातील जोडबिंदू) घेऊन त्यापुढे शून्य दाबाचा दाब-राखक व्हॉल्व्ह (आधीच्या बाजूचा दाब ठरवलेल्या मूल्याखाली जाऊ न देणारा) ठेवावा. तो टाकीला थेट जोडता येत नाही, मध्ये छोटी नळी द्यावी लागते.

पंपाच्या वक्राचा (प्रवाह आणि उंची यांच्या आलेखाचा) एकच बिंदू दिल्यास एपानेट बंद-प्रवाहाचा शीर्ष, म्हणजे प्रवाह शून्य असतानाची पंपाची उंची, त्या बिंदूवरील शीर्षाच्या 133 टक्के गृहीत धरते, तेव्हा शक्यतो उत्पादकाचा वक्रच भरावा.